बसतं-उठतं इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी आलं ते कुत्र्याच्या मागोमाग. हे वाक्य मी आजवर बऱ्याचदा लिहिलं आणि खोडलं, कारण ते वाचून लोक हसतात आणि मग पुढचंही हसत हसतच वाचतात. आता खोडत नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथेच हसून घ्यावं. माझी लेखणी पत्रकांवर वाढलेली आहे. 'बंधूंनो, विचार करा' यापलीकडची नम्रता तिला कधी जमली नाही, आणि या वयात मी ती शिकवायला जाणार नाही.

लोणावळ्यात वळवणच्या बाजूला मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता. पुढे काळ्या दगडाचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, गुलाबाचे वाफे. मागे जांभळीखाली पत्र्याच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. आबा, आई, माझी धाकटी बहीण कुसुम आणि मी. आबा बंगल्याचे रखवालदार, माळी, आणि पंप बिघडला की पंपवालेही. आई धुणंभांडी करायची. मी बाजारातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला जायचो आणि मालक जेवायला गेला की आमच्या मंडळाची पत्रकं त्याच खिळ्यांनी जुळवायचो. पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की जेवताना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग आई नुसता हात वर करून विचारायची, वाढू का. पाऊस थांबला की घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिनं सुटल्याच्या शिट्ट्या यायच्या, आणि व्हरांड्याच्या फरशीवरून चालणाऱ्या त्या कुत्र्याच्या, ब्रूनोच्या, नखांचा टक टक आवाज.

या बंगल्यावर आम्ही हौसेनं आलो नव्हतो. आमचं गाव मळवलीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. धम्म घेतल्यावर आबांनी गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढणं बंद, दारोदार फिरून भाकर गोळा करणं बंद, कुणी हाक मारली की हातातलं टाकून धावणं बंद. गावानं त्याला उत्तर दिलं ते असं, की पुढच्या हंगामात भाताच्या खाचरात आम्हाला कुणी कामाला बोलावलं नाही. आबा त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. "हाक मारल्यावर धावायचं सोडलं आपण," ते म्हणायचे, "आता ते उपाशी ठेवत्यात तर ठेवू द्या. मान तरी ताठ हाय." ती ताठ मान घेऊन ते या बंगल्यावर आले. इथे हाक मारायला कुणी नसायचं. साहेब आणि मेमसाब शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जायची, पावसात तर फिरकायचीही नाहीत. आबांना वाटलं, ही नोकरी म्हणजे स्वातंत्र्य. माझ्या आबांना लहानशा गोष्टीतही स्वातंत्र्य दिसायचं. हा त्यांचा गुण होता, आणि ज्या देशात माणसाला असल्या गोष्टीत स्वातंत्र्य शोधावं लागतं त्या देशाबद्दल काय बोलायचं ते मी पत्रकांतून बोललेलो आहे.

तर ब्रूनो. तांबूस, मोठ्या कानांचा, विलायती कुत्रा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याला मनाई होती म्हणून तो इथे आबांच्या ताब्यात असायचा. त्याला सोपवताना मेमसाबनं एक नियम घालून दिला: याच्याशी मराठीत बोलायचं नाही, तो गोंधळतो. मग तिने व्हरांड्यात आबांना समोर उभं करून कुत्र्याला लागणारे सगळे शब्द एकेक करून म्हणून दाखवले, आणि आबांनी ते तिच्यामागून म्हटले. आबा कधी शाळेत गेले नव्हते. त्यांची शाळा ही एवढीच. पण त्यांनी तिच्यातला एक शब्द सांडू दिला नाही.

कुत्र्याचं जेवण आई रांधायची. त्याला रोज मटण लागायचं आणि त्याचं पातेलं वेगळं होतं. त्यात मीठ घालायचं नाही, हळद घालायची नाही, नाहीतर म्हणे केस गळतात. आई मटण शिजवून तुकडे ब्रूनोच्या थाळीत काढायची आणि वरचा पातळ रस्सा बाजूला ठेवून त्यात मीठ, मिरची, ठेचलेला लसूण टाकायची. नाचणीच्या भाकरीबरोबर तो आम्ही खायचो. मी एकदा ताट सरकवलं. पत्रकं वाचून वाचून मला असल्या गोष्टी गिळेनाशा झाल्या होत्या. आई म्हणाली, "कुत्र्याचं उष्टं न्हाई ते. कुत्र्याच्या आधीचं हाय. मानानं खा." कुसुम इतकी हसली की तिला ठसका लागला. तसा रस्सा मी नंतर कुठे खाल्ला नाही, हेही खरंच आहे.

कुसुम मॅट्रिक झाली आणि तिने नर्स व्हायचं ठरवलं. तिने ठरवलं म्हणजे ठरवलं. ती कमी बोलायची आणि बोलली की तेवढ्यावर गोष्ट संपायची. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात ट्रेनिंग होतं, राहणं-जेवण तिथेच. पण घेताना आधी मुलाखत, आणि ती इंग्रजीत. मेमसाबची एक मैत्रीण तिथल्या कमिटीवर होती. आबांनी गुलाबाला पाणी घालता घालता विषय काढला. मेमसाब म्हणाली, "इंग्रजी बोलता येतं का तिला? येत असेल तर मी चिठ्ठी देते. पुढच्या वेळी आम्ही आलो की आण, बघते." मेमसाबच्या चिठ्ठीशिवाय आमच्या वस्तीतल्या मुलीला तिथे दारातही उभं करणार नाहीत, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी त्या चिठ्ठीविरुद्ध काही बोललो नाही.

आता इंग्रजी कोण शिकवणार? मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलो होतो. वाक्याची चिरफाड करायला मला यायचं, पण प्यायला पाणी मागायला येत नव्हतं. कुसुमचीही तीच गत. रोजचं बोलणं म्हणून काही असतं आणि ते शिकावं लागतं, हे शाळेनं आम्हाला कळूच दिलं नव्हतं. आबा म्हणाले, "रोजचं बोलनं ना? ते माज्याकडं हाय की."

संध्याकाळी गुलाबांचं पाणी झालं की मागच्या ओट्यावर शाळा भरायची. आबा विडी विझवून कानावर ठेवायचे आणि सुरू करायचे. "हे बग कुसे. 'गेट' म्हंजी कुत्रं समज. निस्तं कुत्रं हुबं ऱ्हायलं तर त्याच्या मनात काय हाय ते कळतंय का? न्हाई कळत. शेपूट बगायचं. गेटला 'अप'चं शेपूट लावलं की ऊठ. 'डाऊन'चं लावलं की उतर खाली. 'आउट'चं लावलं की हो भायेर. 'ऑफ' लावलं की गादीवरनं हाल. 'अवे' लावलं की पळ. कुत्रं तेच, शेपूट निराळं."

"आणि 'गेट इन', आबा?"

"ते मोटारीत बसताना. आपल्याला लागत न्हाई."

'पिक अप', 'पुट डाऊन', 'कम बॅक', 'गो अवे', 'टर्न राउंड', 'होल्ड ऑन', 'लाय डाऊन'. पाठ म्हणून झाला की परीक्षा, आणि परीक्षक ब्रूनो. कुसुम ओट्यावर उभी राहून म्हणायची, "लाय डाऊन." ब्रूनो मान वाकडी करून बघायचा. "नापास," आबा म्हणायचे. "जिबेला वजन दे जरा. डा-ऊन." ती पुन्हा म्हणायची. ब्रूनो पुढचे पाय पसरून आडवा व्हायचा. "पास." मग उलटी परीक्षा. आबा हुकूम सोडायचे आणि कुसुमनं तो करून दाखवायचा. "टर्न राउंड." ती वळायची. "पिक अप." ती झाडू उचलायची. "पुट डाऊन." ती ठेवायची. आई चुलीपुढून म्हणायची, "नर्स करताय का सर्कशीत धाडताय पोरीला?"

एकदा मी माझं ग्रामर घेऊन मध्ये पडलो. म्हटलं, सभ्य माणसं असं बोलत नाहीत. ब्रूनोपुढे उभा राहिलो आणि चांगलं खाकरून म्हणालो, "प्लीज बी सीटेड." ब्रूनो उठला आणि पाणी प्यायला गेला. आबांनी मला सोडलं नाही. "सुदाम, तुजं विंग्रजी लय शिकल्यालं हाय, बाबा. पर ते बसत बी न्हाई आन उठत बी न्हाई. आमचं कसं, बसतं-उठतं हाय." तो शब्द घरात रुळला. कुसुम भांडी घासताना पुटपुटायला लागली की आई म्हणायची, चाललं बसतं-उठतं.

हल्ली स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर बोलायच्या इंग्रजीची जाड पुस्तकं असतात. हेच शेपटीचे शब्द त्यांत रोजच्या संभाषणासाठी म्हणून ओळीनं दिलेले असतात. एक मी विकत घेतलं आणि आडवं-उभं वाचून काढलं. आबांनी शिकवलेलं एकही त्यात चुकीचं निघालं नाही. फरक निघाला तो दुसरा. पुस्तकातली माणसं एकमेकांना सांगतात: मी सकाळी उठतो, मी कोट घालतो, मी मित्राकडे परत जातो. आमच्याकडे 'मी' नव्हताच. ऊठ, घाल, परत ये. आमच्या वाट्याला इंग्रजीतला फक्त हुकूम आला होता. आणि इंग्रजी समजलं हे दाखवायची आमच्या घरातली रीतही एकच होती: ऐकायचं आणि करून दाखवायचं. यात आबांचा काय दोष? माणसाला ताटात जेवढं मिळतं तेवढंच तो पोरांना वाढतो. दोष ज्यांचा आहे त्यांना मी बरं म्हणणार नाही.

मेमसाब आली तो रविवार. उन्हं उतरली होती. कुसुम पांढरं पातळ नेसली होती. तांब्यात निखारे भरून तिने ते सकाळीच कडक केलं होतं. व्हरांड्यात साहेब, मेमसाब आणि मुंबईहून आलेलं एक जोडपं चहाला बसलं होतं. पाहुणा जाडगेला, हसऱ्या तोंडाचा, हातात पाइप. एक खुर्ची रिकामी होती, वेताची, निळ्या गादीची. ब्रूनो मेमसाबच्या पायाशी पडला होता. आबा पायरीच्या खाली अनवाणी उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी, आणि कुसुम एकटी वर गेली.

मेमसाबनं नाव विचारलं, कुसुमनं सांगितलं. शाळा विचारली, तीही सांगितली. इथवर ठीक होतं. मग मेमसाब म्हणाली, "टॉक टु अस, कुसुम. एनीथिंग यू लाइक." आमच्याशी बोल, काहीही बोल. आणि कुसुम गप्प झाली. आपल्या मनाने इंग्रजीत बोलायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कपबशीचा आवाज तेवढा राहिला. आबांचे ओठ पायरीखाली नुसतेच हलत होते.

पाहुण्याला तिची दया आली असावी. पाइप काढून तो गोड आवाजात म्हणाला, "सिट डाऊन, सिट डाऊन."

कुसुमनं पातळाच्या निऱ्या सावरल्या आणि ती फरशीवर बसली. त्याच क्षणी ब्रूनो मेमसाबच्या पायांपासून उठला, कुसुमच्या शेजारी आला आणि ढुंगण टेकून बसला. शेजारी शेजारी, पाठी ताठ, दोघंही पाहुण्याकडे तोंड करून.

हसू फुटलं. दुष्ट हसू नव्हतं ते, एवढं मला लिहिलंच पाहिजे. चहा पिणाऱ्या, पोट भरलेल्या, बऱ्या माणसांचं हसू होतं. आबाही हसले. त्यांना वाटलं, पोरीनं बरोबर ओळखलं म्हणून कौतुकानं हसतायत. त्यांनी मला कोपर मारलं, बघ, पास. पाहुण्याला आता मौज वाटायला लागली होती. "गेट अप," तो म्हणाला. दोघंही उठली. "टर्न राउंड." दोघंही वळली. पाहुणी टाळ्या वाजवत म्हणाली, "ओह, हाऊ स्वीट." आबांचं हसू तेव्हा थांबलं. ते कसं थांबलं हे मी शेजारून पाहिलं, आणि ते मला लिहिता येत नाही.

"लाय डाऊन," पाहुणा म्हणाला. ब्रूनो आडवा झाला. कुसुम उभीच राहिली.

मी ओरडलो, "कुसे, चल हितनं." आबांनी न बघता माझ्या छातीवर हात आडवा धरला. कुसुमनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मेमसाबनं पाहुण्याला हातानं थांबवलं, पुरे. मग कागद मागवला आणि तिथेच चिठ्ठी लिहिली. लिहिता लिहिता ती त्या पाहुणीला म्हणाली, "शी इज सो ओबिडियंट. दॅट्स व्हॉट दे वॉन्ट देअर." आज्ञाधारक आहे, तिथे तेच लागतं. कुसुमनं चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली आणि पायऱ्या उतरून आमच्या पुढून मागच्या खोल्यांकडे चालू लागली.

आईनं त्या दिवशी आंबेमोहोर तांदळाची खीर केली होती. वासानं खोली भरली होती. आबा जेवायला बसले नाहीत. जांभळीखाली दगडावर बसून राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "सुदाम, खुर्ची हुती न्हवं रं तितं?"

"व्हय."

"रिकामी?"

"व्हय, आबा."

आबांनी कानावरची विडी काढून हातात धरली. मग म्हणाले, "खुर्चीचं मी तिला शिकवलंच न्हाई. सिट डाऊन म्हंजी भुई, एवडंच मला ठावं. मान्साला काय म्हनत्यात ते मला कुटं ठावं. मी कुत्र्याचं शिकवलं पोरीला."

मी पेटलेलो होतो. म्हणालो, "मी यावर पत्रक काढतो. सगळ्या लोणावळ्यात वाटतो. बंगल्यांच्या फाटकांवर चिकटवतो." मथळासुद्धा माझ्या डोक्यात तयार होता. आबा म्हणाले, "न्हाई. पोरीला जायाचंय अजून." ते पत्रक निघालं नाही. मी आयुष्यात पुष्कळ पत्रकं काढली, त्यांतली बरीच ज्या दिवशी वाटली त्याच दिवशी रस्त्यावर पडली. न काढलेलं हे एकच माझ्या अंगावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ब्रूनोची थाळी त्याच्यापुढे धरली आणि म्हणाले, "बस." ब्रूनो त्यांच्याकडे बघत राहिला. "बस बाबा खाली. बस." कुत्रा गोंधळून त्यांच्याभोवती फिरला, शेपूट पायांत घालून कुंई कुंई करायला लागला. आबांनी आवाज चढवला नाही. थाळी खाली ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "तुजा काय गुन्हा न्हाई रं." त्यानंतर त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द आला नाही. चिठ्ठी चालली आणि कुसुम पुण्याला गेली. पुढच्या खेपेला मेमसाबला दिसलं की कुत्रा ऐकत नाही. तिने विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "मेमसाब, मला विंग्रजी येत न्हाई." आणि खोल्यांच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. आम्ही मळवलीजवळच्या आमच्या गावी परत आलो. गावाचा राग तोवर थोडा निवला होता. आबा दुसऱ्यांच्या खाचरांत बांध घालायला जाऊ लागले.

कुसुम सुट्टीवर यायची ती फुलून यायची. अंगाला औषधाचा वास, बोलण्यात नवे शब्द. पहिल्या सुट्टीत ती चुलीजवळ बसून आईला सांगत होती, की शेपटीचे शब्द तिथेही तेच, पण कामं किती वेगळी. 'लूक आफ्टर' म्हणजे एखाद्याची काळजी वाहायची. 'कम राउंड' म्हणजे बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो. 'पास अवे' म्हणजे माणूस जातो, पण हळू आवाजात सांगायचं. आबा दाराशी बसले होते. ते उठले, कोयता घेतला आणि बांधाकडे निघून गेले. कुसुम बोलायची थांबली. त्यानंतर ती घरी आली की इंग्रजीचा एक शब्द उच्चारायची नाही. आई म्हणायची, "विंग्रजी ठेशनावर ठिवून येती माजी बाय." ट्रेनिंग संपलं तेव्हा समारंभ होता, आईबापांना बोलावलं होतं. मी आणि आई गेलो. आबा आले नाहीत. "तितं कुनी सायबानं मला काय म्हनलं तर मी काय करू? उगी पोरीची शोभा."

पुढे त्यांची छाती धरली. खोकल्यात रक्त दिसलं. कुसुम तोवर त्याच दवाखान्यात नोकरीला लागली होती. ती धावत आली, म्हणाली, आजच घेऊन जाते, माझ्या वॉर्डात ठेवते, औषध आहे यावर. आबा हलले नाहीत. आईनं हात जोडले, मी रागावलो, गाडी बोलावून आणली. खाटेची कड धरून ते म्हणाले, "न्हाई येनार. तितं समदी विंग्रजी बोलत्यात. पोरीनं लय मेहनतीनं नाव कमावलंय." एवढ्याच कारणासाठी, ज्या माणसाची मुलगी नर्स होती, तो माणूस गावच्या घरात खोकत पडला. कुसुमनं बिनपगारी रजा काढली. ती त्यांच्या उशाशी बसून राहायची, अंग पुसायची, चमच्यानं पेज पाजायची. भातलावणी आटोपायच्या सुमाराला आबा गेले. हे दुखणं बरं होण्यासारखं होतं. हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारून घेतलं होतं आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

कुसुम आता माझ्यासारखीच म्हातारी आहे. मेट्रन होऊन रिटायर झाली. मागे ती आमच्याकडे राहायला आली होती, आणि मी हे प्रकरण लिहीत होतो. ती मेथी निवडत होती. मी तिला वाचून दाखवलं, फरशीपर्यंत. मग विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"कुसे, तुला ती खुर्ची दिसली नव्हती का?"

"दिसली की. निळी गादी होती. तू लिहिलंयस बरोबर."

"मग?"

तिने जुडी सोडून दुसरी घेतली. "त्यानं 'सिट डाऊन' म्हटल्यावर मी आधी मेमसाबकडे बघितलं. लहानपणापासून तिचं तोंड बघत आले होते मी. ती माझ्याकडे बघत नव्हती, दादा. त्या खुर्चीकडे बघत होती. मग मी खाली बसले. खुर्चीवर बसले असते तर तिनं चहा संपवला असता आणि 'बघू' म्हटलं असतं." ती थोडं हसली. "कुत्रा उठून शेजारी येईल हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं आलं."

मी हातातले कागद खाली ठेवले. म्हटलं, "हे आबांना का नाही सांगितलंस?"

"तेव्हा? तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी चिठ्ठी चुलीत घातली असती. गावकी सोडलेला माणूस तो. पोरगी जाणूनबुजून भुईवर बसली, हे ऐकून घेतलं असतं त्यांनी?"

"मग नंतर तरी."

"सांगितलं ना. शेवटच्या दुखण्यात. मी पेज पाजत होते. म्हटलं, आबा, तुमचं शिकवणं चुकलं नव्हतं. मला सगळं बरोबर कळलं होतं, मी मुद्दाम खाली बसले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुसे, तू नर्स हायस. दुखनाईताला बरं वाटावं म्हनून तुला असं बोलायला लागतं." तिने मेथीच्या काड्या गोळा करून पेपरात गुंडाळल्या. "मी म्हटलं, नाही आबा, शपथ, खरंच सांगते. तर म्हणाले, बरं. आणि तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी."